उसनी तरतरी : उत्तेजक द्रव्ये मेंदू आणि शरीराचे काय करतात?

फ्रान्समधील माँ व्हाँतू या डोंगराचा चढ सायकलपटूंचा कस पाहणारा मानला जातो. १३ जुलै १९६७ रोजी 'टूर द फ्रान्स' शर्यतीत रणरणत्या उन्हात हा चढ चढताना ब्रिटनचा टॉम सिम्प्सन सायकलवरून कोसळला. त्याला उठवून पुन्हा सायकलवर बसविण्यात आले. थोड्याच अंतरावर तो दुसऱ्यांदा कोसळला आणि त्यातून सावरला नाही. १९६५ चा हा जगज्जेता अवघ्या २९ वर्षांचा होता. शवविच्छेदनात त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामिन आणि मद्याचा अंश आढळला. उष्णता आणि अतिश्रमाने त्याचे हृदय बंद पडले होते. एरवी अशा अवस्थेत शरीर माणसाला थांबायला भाग पाडते. अ‍ॅम्फेटामिन नेमकी तीच सूचना दाबून टाकते.

पुढे १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये उत्तेजक चाचण्या सुरू झाल्या. मराठी क्रीडा पानांवर 'उत्तेजक' हा शब्द तेव्हापासून इतका सैल वापरला जातो, की स्नायू वाढविणारी स्टिरॉइड्सही त्यातच मोडतात. वैद्यकशास्त्राच्या लेखी मात्र उत्तेजके म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेची गती वाढविणारी द्रव्ये. कोकेन, अ‍ॅम्फेटामिन, मेथअ‍ॅम्फेटामिन आणि गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात वारंवार पकडले जाणारे मेफेड्रोन ही त्यांतील घातक मंडळी. चहा-कॉफीतील कॅफिन हे याच गोतावळ्यातील सौम्य सदस्य असले, तरी त्याचे काम वेगळ्या मार्गाने चालते. झोपेची जाणीव देणाऱ्या अ‍ॅडेनोसिन या रसायनाची जागा ते अडवून धरते, इतकेच.

मेंदूतील गल्ला

या द्रव्यांमध्ये स्वतःची अशी कोणतीही ऊर्जा नसते. मेंदूतील चेतापेशी एकमेकींशी रासायनिक संदेशवाहकांमार्फत बोलतात. डोपामिन हा त्यांपैकी एक. आवडीचे जेवण समोर आले, शाबासकी मिळाली, की तो थोडासा स्रवतो आणि 'हे पुन्हा करावे' अशी नोंद मेंदूत होते. काम झाले की पेशी तो परत आत ओढून घेते. कोकेन ही परतीची वाट बंद करते, त्यामुळे डोपामिन दोन पेशींमधील फटीत साचून राहते. अ‍ॅम्फेटामिन आणि मेथअ‍ॅम्फेटामिन त्यापुढे जातात. ते पेशीच्या आत शिरून साठवणीतले डोपामिन बाहेर ढकलतात, जणू घराच्या गल्ल्यातील सारी शिल्लक एकाच रात्री उधळावी. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या संदेशवाहकाचेही तसेच होते. मेफेड्रोनमुळे यांच्या जोडीला सेरोटोनिनही मोठ्या प्रमाणात बाहेर पडते.

म्हणूनच सुरुवातीला आत्मविश्वास उसळतो, भूक आणि झोप नाहीशी होते, बोलणे थांबत नाही. या गुणांमुळेच दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना 'पर्व्हिटिन' या नावाने मेथअ‍ॅम्फेटामिनच्या गोळ्या वाटण्यात आल्या. जपानमध्येही ते सैनिक व कामगारांना दिले गेले आणि युद्धानंतर व्यसनाची अशी लाट आली, की १९५१ मध्ये तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला.

गल्ला रिकामा झाल्यावर जे होते, ते नशेच्या गप्पांत सहसा सांगितले जात नाही. प्रचंड थकवा, दीर्घ झोप, विलक्षण उदासी, कधी आत्महत्येचे विचार. ही घसरण टाळण्यासाठीच पुढची मात्रा घेतली जाते. कोकेनचा अंमल तासाभरात ओसरतो, मेफेड्रोनचा दोन-तीन तासांत. त्यामुळे एकाच रात्रीत पुनःपुन्हा घेण्याचा मोह होतो. मेथअ‍ॅम्फेटामिन मात्र अर्धे उत्सर्जित व्हायलाच सुमारे दहा-बारा तास लागतात. माणूस दोन-दोन, तीन-तीन दिवस जागाच राहतो.

हृदयावरचा भार

मेंदूत हे चालू असताना शरीर एखाद्या संकटाला तोंड दिल्यासारखे वागते. नाडी धावते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो. हृदयाला अधिक रक्त हवे असते आणि नेमक्या त्याच वेळी त्याला रक्त पुरविणाऱ्या धमन्या आवळल्या जातात. पूर्वी कोणताही विकार नसलेल्या पंचविशी-तिशीतील तरुणाला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होतो तो यामुळे. कोकेनबरोबर मद्य घेतल्यास यकृतात 'कोकाइथिलीन' हे नवेच रसायन तयार होते. ते अधिक काळ टिकते आणि हृदयाला अधिक घातक ठरते. दुसरा धोका उष्णतेचा. शरीराचे तापमान वाढते, त्वचेकडील रक्तप्रवाह घटल्याने ते बाहेर टाकता येत नाही. गर्दीच्या बंदिस्त पार्टीत तासन् तास नाचणाऱ्याची अवस्था माँ व्हाँतूवरील सिम्प्सनपेक्षा फार वेगळी नसते.

नाकावाटे ओढलेल्या कोकेनने नाकाच्या पडद्याला भोक पडते. मेथअ‍ॅम्फेटामिनने तोंड कोरडे पडते, दात करकर चावले जातात आणि किडून झडतात. अनेक रात्री जागल्यावर संशय बळावतो, कानी आवाज येतात, त्वचेखाली किडे वळवळत असल्याचा भास होऊन माणूस स्वतःला ओरबाडतो. ही लक्षणे काहींना नशा उतरल्यावरही सोडत नाहीत.

महाराष्ट्रात 'एमडी' किंवा 'म्याऊ म्याऊ' या नावांनी फिरणारे मेफेड्रोन हे खात या वनस्पतीतील कॅथिनोनचे कृत्रिम भावंड आहे. १९२९ मध्येच ते प्रयोगशाळेत तयार झाले होते. ब्रिटनने त्यावर २०१० मध्ये बंदी घातली. भारतात ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले २०१५ मध्ये. तोवर मुंबईत त्याचे बस्तान बसले होते. ते प्रयोगशाळेत बनत असल्याने त्याला ना शेत लागते, ना सीमापार वाहतूक. रसायनांची जाण असलेला माणूस आणि एखादी बंद शेड पुरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत शेकडो किलो साठा पकडला, तेव्हा हे पुरते उघड झाले.

वारंवारच्या पुरापुढे मेंदू डोपामिनचे ग्राहक कमी करतो. मग साध्या गोष्टींतला आनंद संपतो आणि सारासार विचार करणारा पुढचा मेंदूही दुबळा पडतो. 'मनावर घेतले तर सुटेल' हा नातेवाइकांचा उपदेश म्हणून अपुरा पडतो; ज्या भागाने मनावर घ्यायचे, तोच जायबंदी असतो. दिलासा असा, की वर्षभराहून अधिक काळ मेथअ‍ॅम्फेटामिनपासून दूर राहिलेल्यांच्या मेंदूच्या चित्रणात हानी बरीचशी भरून आल्याचे आढळले आहे.

याच जातीची काही औषधे अवधान-अभाव असलेल्या मुलांना डॉक्टर देतात, याचे अनेकांना नवल वाटते. फरक मात्रेचा आणि वेगाचा आहे. पोटातून हळूहळू शोषले जाणारे अल्प औषध डोपामिन संथपणे वाढवते. धूर, सुई किंवा नाकावाटे तेच क्षणात उसळते. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राकडून घेतलेली गोळी मात्र उपचार नव्हे.

अफूजन्य पदार्थांवर नॅलोक्सोनसारखा उतारा आहे, तसा उत्तेजकांवर नाही. छातीत दुखणे, अंग भाजणे, झटके किंवा बेभान संशय दिसताच रुग्णालय गाठावे आणि काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नये, कारण हृदयाची काही नेहमीची औषधे कोकेनच्या अमलाखाली उलटू शकतात. व्यसनावरही हमखास गोळी नाही. समुपदेशन, वर्तनोपचार आणि नशामुक्त राहिल्याबद्दल छोटी बक्षिसे देण्याची पद्धत यांचा उपयोग होतो. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे.