द्रवाचा वायू, वायूचे धान्य

डिचोली तालुक्यातील मुळगाव हे खाणींच्या शेजारचे गाव. एका अंगाला लाल मातीचे ढीग, दुसऱ्या अंगाला भाताची शेते. त्या शेतांत युरियाचे पांढरे दाणे फेकणाऱ्या शेतकऱ्याच्या मुठीत खनिज तेलाच्या कुळातील एक वस्तू असते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

गोव्यात युरिया तयार होऊ लागला तो १९७३ साली, झुआरीनगरच्या कारखान्यात. तेथील कच्चा माल होता नाफ्था, म्हणजे पेट्रोलच्याच जातीचे हलके तेल. त्याची वाफ पाण्याच्या वाफेबरोबर निकेलच्या उत्प्रेरकावरून सुमारे ८०० अंश सेल्सियस तापमानात नेली, की तीतून हायड्रोजन आणि कार्बनचे वायू निघतात. हायड्रोजनला हवेतील नायट्रोजनची जोड मिळाली की अमोनिया होतो. अमोनियाला कार्बन डायऑक्साइडची जोड मिळाली की युरिया. मात्र एवढी उष्णता इंधन जाळूनच मिळवावी लागे. २०१३ साली दाभोळकडून नैसर्गिक वायूची नलिका गोव्यात आली आणि नाफ्था मागे पडला. भट्टी मात्र राहिलीच.

जाळल्यावाचून अशी उष्णता मिळणार नाही काय? हा प्रश्न जुना आहे. १९०५ साली नॉर्वेतील नोटोडेन येथे बिर्कलंड आणि आयडे यांनी विजेच्या प्रज्योतीतून हवा नेऊन खत बनविले. धबधब्यांची स्वस्त वीज हाताशी होती, म्हणून ते साधले. पण वीज इतकी लागे, की पुढे हाबर-बॉश पद्धतीसमोर ही रीत टिकली नाही. १९४० साली जर्मनीत ह्यूल्स येथे तशाच प्रज्योतीत हायड्रोकार्बनांचे विघटन करून ॲसिटिलीन वायू काढू लागले. अतितप्त, विद्युत्‌भारित वायूच्या या अवस्थेस अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ साली ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले होते.

या प्लाझ्मात, प्राणवायूवाचून, द्रव तेल सोडले तर त्याचे रेणू क्षणार्धात फुटतात. हायड्रोजन आणि ॲसिटिलीनसारखे वायू हाती येतात, आणि बराचसा कार्बन धुरावाटे आकाशात न जाता काजळीच्या रूपाने खाली उरतो. लाभ मोठा आहे. पण तो पदरात पडायचा तर वीजही निर्मळ हवी. कोळसा जाळून केलेल्या विजेवर प्लाझ्मा पेटविला, तर धूर केवळ एका गावाचा दुसऱ्या गावी जाईल. नॉर्वेच्या धबधब्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शिकविलेला धडा हाच आहे. मुळगावच्या शेतकऱ्याला युरियाचा दाणा पांढराच दिसेल. त्यामागची भट्टी काळी की निर्मळ, हे मात्र ती कशावर पेटली यावर ठरेल.