वसतिगृहाचा लौकिक

कुपवाडच्या जवळच विश्रामबागेंत डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें १९१९ सालीं विलिंग्डन महाविद्यालय स्थापिलें. शिक्षणासाठीं गांव सोडून आलेल्या नव्या विद्यार्थ्यास ‘उतरलास कोठें?’ असें आजही विचारतात. शंभर वर्षांपूर्वीं दक्षिण महाराष्ट्रांत मात्र या प्रश्नाच्या उत्तरांतून त्याची जातही कळून येई.

कोल्हापुरांत शाहू छत्रपतींच्या आश्रयानें १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान अशीं निरनिराळीं वसतिगृहें उभीं राहिलीं. खेड्यांतील गरीब मुलास शहरांत अन्न आणि निवारा मिळूं लागला, हा उपकार थोरच. परंतु पंक्तीच्या भिंती कायम राहिल्या. १९०८ सालीं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह निघालें. त्या समारंभास जाऊन आलेल्या भाऊराव पाटलांस जैन वसतिगृहांत शुद्धिस्नान करण्यास सांगण्यांत आलें. त्यांनीं तें नाकारलें आणि त्यांस वसतिगृह सोडावें लागलें.

याच भाऊरावांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह काढलें. १९२७ सालीं गांधीजींनीं त्यास शाहू छत्रपतींचें नांव दिलें. मुलें स्वतः राबत, एकाच चुलीवरचें अन्न एकाच पंक्तीस जेवीत. कोठी रिकामी झाली तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं मंगळसूत्रही मोडलें.

वसतिगृहाची कीर्ति आपण परीक्षेच्या निकालांवरून मोजतों. ती पंक्तीवरूनही मोजावी, हें साताऱ्यानें शिकविलें.