ध्वनिसंदेशांचे दफ्तर

टेलिफोन कचेऱ्यांत रुजू झाला तेव्हा त्याच्यापाठोपाठ एक अडचणही आली. ती अशी की, ज्याला उद्देशून बोलावयाचे तो मनुष्य ऐन वेळी गैरहजर असला, म्हणजे बोलणाऱ्याचा सारा खटाटोप व्यर्थ जाई. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीस असलेल्या वाल्देमार पौल्सेन याने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकशक्तीने आवाज उमटविणाऱ्या आपल्या ‘टेलिग्राफोन’ यंत्राचे पेटंट घेतले, ते मुख्यतः या गैरहजेरीवर उपाय म्हणून; आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योसेफ याचे त्या यंत्रावर नोंदलेले शब्द आजही उपलब्ध आहेत.

जतनाचा प्रश्न अशा रीतीने शतकारंभीच सुटला असता, निरोप घेणारे यंत्र घरोघर पोहोचण्यास एवढा विलंब का लागावा? अमेरिकेत त्याचे कारण तांत्रिक नव्हते. बेल प्रयोगशाळेत क्लॅरेन्स हिकमन याने १९३० नंतरच्या दशकात असे यंत्र सिद्ध केले होते; परंतु आपले संभाषण नोंदले जाईल या धास्तीने ग्राहक टेलिफोनच वापरेनासे होतील, असा ग्रह झाल्यामुळे ‘एटी अँड टी’च्या अधिकाऱ्यांनी ते दडपून ठेवले. तारांना परकी उपकरणे जोडण्याची या कंपनीची मनाई मोडून निघाली ती १९६८ च्या ‘कार्टरफोन’ निर्णयाने.

पुढे टेक्सासच्या गॉर्डन मॅथ्यूज याने १९७९ मध्ये अर्ज करून १९८३ मध्ये पेटंट मिळविले, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावे संगणकात स्वतंत्र निरोपपेटी उघडली. तरीही ऐकणाऱ्याची स्थिती परावलंबीच राहिली. कारण चौथा निरोप तातडीचा असला तरी आधीचे तीन ऐकल्याखेरीज, अथवा बटणे दाबून ते ओलांडल्याखेरीज, त्याची वर्दी लागत नसे.

ही परवशता संपविण्याचे काम संगणकाच्या पडद्याने केले. अलाबामातील मार्क स्पेन्सर याने १९९९ साली लिहावयास घेतलेल्या ‘ॲस्टेरिस्क’ या मुक्त प्रणालीत नवे, जुने, कामाचे, कुटुंबाचे आणि मित्रांचे असे निरोपांचे कप्पेच पाडलेले आहेत. आणि टेबलावरील संगणकात चालणाऱ्या टेलिफोन-सॉफ्टवेअरांपैकी अनेकांत कोणाचा निरोप, केव्हा आला आणि किती लांबीचा, हा तपशील जुन्या कचेरीतील आवकबारनिशीप्रमाणे ओळीने मांडला जाऊ लागला, तेव्हा कोणता आधी ऐकावा, कोणता दाखल करावा आणि कोणता निकालात काढावा, याची मुखत्यारी प्रथमच ऐकणाऱ्याच्या हाती आली.

परंतु आवाजास पत्राची शिस्त लागेपर्यंत लोक पुन्हा लिहू लागले होते. डिसेंबर २०१४ मध्ये कोका-कोला कंपनीने अटलांटातील मुख्य कचेरीतील बहुतेक निरोपपेट्या बंद केल्या. निरोप साठविण्याची विद्या शतकापूर्वीच हाती असताना तो निवडण्याची सोय इतक्या उशिरा करणे, हाच या व्यवसायाचा खरा दोष होय.