रुग्णशय्येजवळची पाठशाळा

नागपूरचा इतिहास लिहिताना भोसल्यांचे वाडे, सीताबर्डीची लढाई, एम्प्रेस मिल आणि जुन्या मध्यप्रांताची राजधानी यांचे वर्णन प्रत्येक लेखक अगत्याने करतो. परंतु ज्यांना नागपूरकर केवळ ‘मेयो’, ‘मेडिकल’ आणि ‘डागा’ एवढ्याच नावांनी ओळखतात त्या रुग्णालयांच्या वॉर्डांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण मुलींनी रुग्णसेवेची जी विद्या हस्तगत केली, तिची नोंद मात्र या इतिहासात क्वचितच आढळते. ही उपेक्षा दूर होणे अगत्याचे आहे. कारण मनुष्य अनुभवातून ज्ञान कसे मिळवतो, आणि अनुभव पदरी असूनही तो ज्ञानाला का मुकतो, हे या विद्येच्या वाटचालीइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसेल.

1853 साली तिसऱ्या रघुजी भोसल्यांचा मृत्यू होऊन पुढे राज्य खालसा झाले आणि 1861 साली मध्यप्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी बनले, त्या काळी आजाऱ्याची शुश्रूषा हा घरच्या बायकांचा धर्म समजला जाई आणि बाळंतपण सुईणीच्या हाती सोपवलेले असे. त्या सुईणींना अडाणी म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. नुसत्या स्पर्शाने गर्भाची स्थिती ओळखणाऱ्या कुशल स्त्रिया त्यांच्यात होत्या. तथापि कोंदट बाळंतखोली, सोयराची शिवाशीव आणि नाळ कापण्यास हाताशी येईल ते हत्यार या रूढींपुढे त्यांचे कौशल्य थिटे पडे. आणि याहूनही मोठी उणीव अशी की, एखादी बाळंतीण दगावली तर ती का दगावली याचा विचार न होता सारा दोष दैवाच्या माथी मारला जाई, त्यामुळे एका मृत्यूपासून दुसरा मृत्यू टाळण्याची विद्या निर्माण होत नसे.

युरोपात ही कोंडी फोडण्याचे श्रेय मुख्यतः फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना दिले जाते. 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या प्रेरणेने निघालेल्या पाठशाळेत विद्यार्थिनींनी वॉर्डातील कामाबरोबरच रुग्णांविषयीची टिपणे आणि रोजनिशीही लिहावी असा परिपाठ होता. जे हातांनी केले ते रात्री शब्दांत मांडल्यावाचून पुरते समजत नाही, ही जाणीव त्यामागे होती. 1885 साली लेडी डफरिन यांनी हिंदी स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय साहाय्य मिळावे म्हणून निधी उभारला, आणि त्यांच्या नावाचे स्त्रियांचे रुग्णालय नागपुरातही निघाले. इकडे 1845 मध्ये स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून नागपुरात काम करू लागलेल्या स्कॉटिश मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सीताबर्डी भागात स्त्रियांसाठी म्यूर मेमोरियल रुग्णालय स्थापन केले. परक्याच्या मलमूत्राला हात लावणे हे कुलीन स्त्रीला लांच्छन मानणाऱ्या समाजातून या कामासाठी मुली मिळणे दुरापास्त होते. म्हणून प्रारंभी येथे आल्या त्या बहुधा ख्रिस्ती घरांतील कन्या, आणि पुढे ज्यांना घराने व रूढीने अन्य वाट ठेवली नव्हती अशा विधवा.

अशा विधवांपैकीच एक कमलाताई होस्पेट होत. 1896 साली जन्मलेल्या आणि बालवयातच वैधव्य आलेल्या या स्त्रीने नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचर्येचे व प्रसूतिशास्त्राचे शिक्षण घेतले, आणि 1921 साली वेणूताई नेने यांच्या सहकार्याने मातृसेवासंघाची स्थापना केली. एका लहानशा प्रसूतिगृहापासून आरंभ झालेल्या या संस्थेच्या शाखा पुढे विदर्भात दूरवर पसरल्या, आणि 1961 साली भारत सरकारने कमलाताईंना पद्मश्री किताबाने गौरविले. त्यांच्या चरित्रातील अन्य गुणांची थोरवी सर्वमान्य आहेच. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष हा की, ज्या वॉर्डात शेकडो मुली नेमून दिलेले काम उरकून बाहेर पडत, त्याच वॉर्डातील अनुभवाला त्यांनी एका टिकाऊ संस्थेचे रूप दिले. जे पाहिले त्याचा मनाशी विचार केल्यावाचून असे कार्य कोणाच्याही हातून उभे राहत नाही.

पुढे या व्यवसायाला हळूहळू कायद्याचा आधार मिळाला. 1936 साली मध्यप्रांतात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. देशाच्या आरोग्यस्थितीची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालाने मात्र परिस्थितीचे विदारक चित्र जनतेपुढे ठेवले: साऱ्या देशात सुमारे 7,000 परिचारिका, म्हणजे 43,000 लोकांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. 1947 साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा संमत झाला आणि नागपुरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले. 1956 साली नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले, आणि पुढे 1966 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने निरनिराळ्या विभागांतील नोंदणी एका अंमलाखाली आणली.

दर्जा वाढला, सनद मिळाली, तरी एक जुने दुखणे कायम राहिले. परिचारिकांचा तुटवडा भरून काढण्यास विद्यार्थिनीच हाताशी असल्याने, शिकण्यासाठी आलेल्या मुलीला देशभरच्या रुग्णालयांनी बिनबोभाट कामाचे माणूस म्हणून राबविले. खाटा आवरणे, नाडी व ताप पाहून चार्ट भरणे, ड्रेसिंगची तयारी करणे, औषधांचा राऊंड देणे आणि ड्यूटी संपताच पुढच्या पाळीला ओव्हर देऊन होस्टेलवर परतणे, या चक्रात हात तरबेज झाले खरे, पण विचाराला उसंत उरली नाही. बाळंतपणांचा आकडा भरण्यापुरती केसबुके मैत्रिणींच्या वह्यांवरून उतरवली जाऊ लागली, तेव्हा नाइटिंगेल यांच्या रोजनिशीचा केवळ सांगाडाच शिल्लक राहिला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

1983 साली अमेरिकन विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी व्यावसायिकांच्या चिंतनशीलतेवर ग्रंथ लिहिला, आणि 1988 मध्ये ग्रॅहम गिब्ज यांनी तिचा क्रम सांगितला: काय घडले, त्या वेळी मनात काय आले, त्यात बरे-वाईट काय होते, तसे का झाले, आणखी काय करता आले असते, आणि पुन्हा तसाच प्रसंग आला तर काय करू. परिचर्येच्या पाठशाळांनी हा क्रम जगभर स्वीकारला. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या पाठीवर जखम झाल्याचे विद्यार्थिनीच्या ध्यानात येते, तेव्हा ‘जखम दिसली, ड्रेसिंग केले’ एवढी नोंद दफ्तराला पुरते. पण कूस बदलण्याची वेळ कोणत्या पाळीत चुकली, त्वचा लाल झाली होती तेव्हा आपण पाहिली का, पाहूनही सिस्टरना सांगण्यास धजलो का नाही, या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे ज्या मुलीने वहीत लिहून स्वतःला दिली, तिच्या हाताखालच्या पुढच्या रुग्णाची पाठ शाबूत राहण्याचा संभव अधिक. व्यापारी जसा रोजकीर्द मिळवल्यावाचून दुकान बंद करीत नाही, तसा हा दिवसाचा झाडा आहे.

यास एक अट मात्र अनिवार्य आहे. वहीत कबूल केलेली चूक उद्या शिक्षेचा पुरावा ठरणार असेल, तर कोणतीही शहाणी मुलगी त्या वहीत सत्य लिहिणार नाही. आणि असत्य रोजनिशी ही रोजनिशी नसण्याहून अधिक घातक होय. म्हणून विद्यार्थिनीची चिंतनवही वाचणाऱ्या शिक्षिकेने न्यायाधीशाची भूमिका सोडून ज्येष्ठ सहाध्यायिनीची भूमिका घेतली पाहिजे, आणि रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी जे कळवणे आवश्यक आहे त्याची वाट या वहीहून वेगळी ठेवली पाहिजे.

नागपुरातील रुग्णालयांच्या व परिचर्या महाविद्यालयांच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, विद्यार्थिनींच्या ड्यूटीच्या तक्त्यात पाळीइतकीच विचाराची वेळही अधिकृतपणे मांडावी, आणि ती कामाच्या गर्दीत कापली जाऊ देऊ नये. डफरिन रुग्णालयाच्या वॉर्डातून एक कमलाताई घडल्या त्या स्वतःच्या असामान्य मनोबलावर. सामान्य मनोबलाच्या मुलींनाही तसे घडता यावे, याची तरतूद करणे हे संस्थांचे कर्तव्य आहे.