कार्तिकातल्या मुंबईत, पाखरांच्या मागे

बूट काढा, विजार गुडघ्यापर्यंत दुमडा आणि मोबाईल घरीच ठेवा. जिथं निघालोय तिथं त्याचा उपयोग नाही, शिवाय खिसा ओला होणार आहे. हं, टाका पाऊल. गेला ना पाय पोटरीपर्यंत आत? घाबरू नका. हा शिवडीचा गाळ आहे. वरचा थर थंडगार, खालचा कोमट. पाय उपसला की फच्च आवाज होतो आणि सडक्या अंड्यांचा दर्प नाकात चढतो. थोड्या वेळानं तो जाणवेनासा होईल.

साल 1884. दिवाळी उलटून गेलीय, कार्तिक संपत आलाय. अमावास्या तोंडावर असल्यामुळे उधाण मोठं आणि ओहोटीही तशीच. झुंजूमुंजू होता होता पाणी इतकं मागे हटलंय की तुर्भ्याच्या डोंगराच्या दिशेनं नुसता चकाकता चिखल दिसतो. मतलई वारा सुटलाय, अंगावर बारीक काटा येतोय. मागे तिवरांची गर्दी, त्यामागे परळच्या गिरण्यांचा धूर.

आता ऐका. लांबून आधी एक हाक येते, 'कूऽर-ली', शेवटी वर चढणारी. मग दुसरी, तिसरी. उजेड वाढतो तशी चिखलावरची ढेकळं हलायला लागतात आणि तुमच्या ध्यानात येतं की ती ढेकळं नव्हतीच. शेकडो पाखरं आहेत. लहानगे चिखल्या चार पावलं धावतात, गपकन थांबतात, टोच मारतात, पुन्हा धावतात. तुतवार पाण्याच्या कडेकडेनं शेपूट हलवत फिरतात. लाल पायांचं एक सावध पाखरू तुम्हाला पाहताच ओरडत उठतं आणि आपल्याबरोबर अख्खा काठ उठवतं. उत्तरेतून हिमालय ओलांडून आलेल्या या मंडळींना आता फाल्गुन-चैत्रापर्यंत हाच चिखल जेवू घालणार आहे.

रोहित पक्षी मात्र शोधू नका. शिवडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे फ्लेमिंगोंचे गुलाबी थवे येतात, हे मला ठाऊक आहे. पण ते इथं हजारोंनी उतरायला लागायला अजून शंभराहून अधिक वर्षं आहेत.

"पाय उचलू नको, घसटत चाल! रुतशील!" ही हाक मात्र तुम्हालाच आहे. कासोटा घट्ट मारलेली एक कोळीण पाटी घेऊन तुमच्या पुढून सरसर निघून जाते. तिला पाखरं उडत नाहीत, तुम्हाला उडतात. रोज येणारं माणूस त्यांना ओळखू येतं. ती जिथून जाते तिथून जा, म्हणजे जवळ पोचाल.

पोचलात? आता हलू नका. पाणी परत फिरलंय. भरती चढते तशी चिखलाची पट्टी अरुंद होते आणि पाखरं आपोआप तुमच्याकडे ढकलली जातात. मघाशी हाक देणाऱ्या त्या मोठ्या तपकिरी कुरलाकडे बघा. चोच इतकी लांब आणि खाली वळलेली की एवढं ओझं घेऊन हा उडतो कसा, असं वाटावं. बिळात चोच डोळ्यांपर्यंत खुपसतो, मान तिरकी करतो, चाचपतो आणि खेकडा ओढून काढतो. आता घाई नाही. खेकड्याला एका नांगीनं धरून हिसडा देतो. नांगी तुटते, खेकडा चिखलात पडतो. पुन्हा उचलतो, पुन्हा हिसडा. एकेक पाय गळतो. उरलेलं धूड पाण्यात बुचकळून गिळतो, आणि ते घशातून खाली सरकताना मानेवरची पिसं फुगलेली दिसतात. मग तुटके पायही वेचून खातो. हे तुम्ही दहा-बारा हातांवरून पाहताय, दुर्बीण न लावता.

परळचा भोंगा झाला. मासेमारीच्या होड्या परत फिरताहेत आणि त्यांच्या मागे कुरवांचा कल्लोळ चाललाय. उन्हाळ्यात डोक्यावर तपकिरी टोपी घालणारे हे कुरव आत्ता पांढऱ्या डोक्याचे आहेत. डोळ्यामागे तेवढा काळपट ठिपका उरलाय. होडीतून फेकलेलं मासळीचं आतडं पाण्याला लागायच्या आत झेललं जातं. पाय धुवा, चला. शहरात जायचंय.

बैलगाडीत बसून पायधुणीपर्यंत या. हाडं खिळखिळी होतील, पण गाडीवाला गप्पिष्ट असतो. पायधुणीला उतरलात की कान बंद होतील. जवळच तांबाकाटा, शेकडो हातोड्या एकाच वेळी तांब्यावर पडताहेत. उदबत्ती, तळलेली जिलबी, गटार, घोड्याची लीद, सगळे वास एकमेकांत मिसळलेले. पगड्या, फेटे, पारशी टोप्या, हमालांच्या घामेजल्या पाठी. ट्राम येते ती घोड्यांची, आणि घोड्यांच्या डोक्यावर उन्हासाठी टोप्या! दांडी धरा, चढा. मधूनच एकदा तारायंत्राच्या तारांकडे मान वर करा. तिथं माळभिंगऱ्या ओळीनं बसल्यात. त्याही पाहुण्याच. ट्राममधलं कुणी वर पाहत नाही. शेजारचे आजोबा फक्त पैशांची पुरचुंडी सांभाळतात.

क्रॉफर्ड मार्केटला उतरा. दाराशी सीताफळांचा गोड वास, पेरूंचे ढीग, आणि आत गेलात की वास बदलतो. ओली पिसं, रक्त, पिंजऱ्यातली विष्ठा. थंडी सुरू झाली की इथं शिकारीची पाखरं येतात. करंड्यांत जिवंत लावे एकमेकांवर चढताहेत, तितर जाळीतून माना काढताहेत. दोरीला पायानं बांधलेली बदकं उलटी लोंबताहेत: पिनासारखं शेपूट असलेलं तलवार बदक, डोळ्यावर फिकट भुवई ओढलेलं भिवई बदक, आणि ते रुंद चोचीचं, थापट्या. "ठाणे से आया, सुबह का माल!" विक्रेता ओरडतो. गोव्याचा एक बटलर पाणलाव्यांची जुडी हातात तोलतो, पिसं बाजूला करून छाती चिमटून बघतो, नाक मुरडतो आणि निम्म्या भावात मागतो. साहेबाकडे रात्री जेवण आहे आणि भातखाचरातला पाणलावा त्यांना फार प्रिय.

तुम्ही तो थापट्या हातात घ्या. विक्रेता रागावणार नाही, गिऱ्हाईक समजेल. चोच उघडा आणि कडेवरून बोट फिरवा. बोटाला फणीचे दात लागतील. चिखलपाणी तोंडात घ्यायचं, या दातांतून बाहेर सोडायचं आणि अडकलेले किडे, बी-बियाणं गिळायचं, असं त्याचं जेवण. पंख उलगडा, खांद्यावर फिकट निळा पट्टा आहे, अजून झळझळीत. हे बदक सायबेरियाच्या बाजूच्या एखाद्या तळ्याकाठी अंड्यातून बाहेर आलं असेल, आणि आज दुपारी भायखळ्याच्या एखाद्या स्वयंपाकघरात सोललं जाईल. मला या बाजारात सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याची: पाखरांचा एवढा मोठा संग्रह समोर आहे, आणि यातलं कोणतं कुठल्या खाचरातून, कोणत्या दिवशी आलं, हे कुणी लिहून ठेवत नाहीये. पिसांबरोबर तेही उकिरड्यावर जाणार.

बाहेर या, मोकळा श्वास घ्या. ऊन आता चांगलंच चटका देतंय. बोरीबंदराला नव्या स्टेशनाचं काम चाललंय. पाथरवटांच्या छिन्न्यांचा टकटकाट, आणि दगडाची पांढरी भुकटी घामावर बसून चिकटते. तिथून एस्प्लनेडच्या मैदानावर जा आणि गवतावर बसा. पाठीमागे राजाबाई टॉवर उभा आहे, अजून नवाकोरा. गुरं चरताहेत. त्यांच्या पायांतून, अगदी खुरांच्या बाजूनं, काळा-पांढरा, करड्या पाठीचा परीट तुरुतुरु धावतोय. गाईनं पाय टाकला की गवतातनं माशी उडते, आणि ती दोन वितींवर जायच्या आत परीट उसळून तिला टिपतो. उतरतो, शेपूट वरखाली आपटतो, दोन सुरांत 'चिझिक' म्हणतो, पुढच्या गाईकडे जातो.

मुंबईत थंडी आली की नाही, हे मी कॅलेंडरवर नाही, या पाखरावर ठरवतो. तो मैदानावर दिसला की झालं. हिमालय, मध्य आशिया, सायबेरिया, यातल्या कुठल्या भागातून हा नेमका आला, हे 1884 साली या मैदानावरचं कुणी सांगू शकत नाही. त्याच्या पायात कडं नाही. पाखरांच्या पायात नंबर घातलेली कडी मोठ्या प्रमाणावर घालायचं काम मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं हाती घेतलं, ते 1959 पासून.

आणि आता पाठीवर आडवे व्हा. खरंच. घारी खाली घिरट्या घालताहेत, त्यांच्या खूप वर पाहा. नशीब असेल तर बारीक, टोकदार पंखांचे ठिपके सुटेसुटे समुद्राकडे सरकताना दिसतील. अमूर ससाणे. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. ईशान्येकडून अख्खा देश आडवा कापून आलेत, आणि समोरचा अरबी समुद्र न थांबता ओलांडून आफ्रिकेत उतरणार आहेत. नागालँडमध्ये 2013 साली काही ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारी यंत्रं बसवली, तेव्हा ही वाट नीट उलगडली. तुमच्या शेजारी गवतात घोरणाऱ्या हमालाच्या डोक्यावरून मात्र ती आजही चाललीय. त्याला उठवू नका, थकलाय.

दिवे लागायच्या सुमाराला फोर्ब्स स्ट्रीटवर, अठरा नंबरला या. खारा वारा सुटलाय, घाम वाळून अंगावर मीठ राहिलंय. हे फिप्सनसाहेबाचं दारूचं दुकान. दारातच पिंपांच्या ओल्या लाकडाचा आंबूस वास येतो. आतल्या खोलीत गेलात की स्पिरिटचा, कापराचा आणि पाखरांची कातडी टिकवायला चोळलेल्या सोमलाच्या साबणाचा. सोमल म्हणजे विष, तेव्हा हात लावू नका! गॅसच्या दिव्याखाली बरण्यांत साप, खोक्यांत फुलपाखरं, कागदाच्या पट्ट्या बांधलेली पाखरं.

मागच्याच वर्षी, 15 सप्टेंबर 1883 ला, आठ हौशी माणसं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. जानेवारीपासून तिचा संसार या खोलीत आहे. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. साताऱ्यात जन्मलेला एटकेन हाही त्यातलाच. जकात आणि मिठाच्या खात्यात नोकरी करतो, आणि पुढे 1900 साली मुंबईच्या नेहमीच्या पाखरांवर अख्खं पुस्तक लिहिणार आहे. पक्षितज्ज्ञ सालिम अली जन्माला यायला अजून बारा वर्षं आहेत.

कागदाच्या त्या पट्ट्यांपाशी थांबा. बोटभर लांबीची पट्टी, तिरकं अक्षर: जागा, तारीख, नर की मादी. बस्स. बाजारातल्या थापट्याला हीच पट्टी मिळाली नाही. आज एकशेचाळीसहून अधिक वर्षांनी त्या काळच्या पाखरांबद्दल आपण जे काही खात्रीनं बोलू शकतो, ते अशा पट्ट्यांच्या आणि नोंदवह्यांच्या जोरावर. कोळणीनं, गाडीवाल्यानं, बटलरनं कितीतरी जास्त पाहिलं होतं. ते त्यांच्याबरोबर गेलं.

चला, परत. पायाचा गाळ वाळलाय, खरवडून काढा. येत्या नोव्हेंबरात ओव्हल मैदानावर, नाहीतर तुमच्या गावच्या तळ्यावर, पहिला परीट दिसेल तेव्हा वही काढा. तारीख, जागा, किती होते, एवढं लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा लिहा. पक्षिनोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकलंत तर उत्तम, नाही जमलं तर वही जपून ठेवा आणि वहीवर गावाचं नाव घालायला विसरू नका.