व्हिसा संपून वर्षं उलटली, तरी नागरिकत्व मिळू शकतं का? अमेरिकेचे नियम काय सांगतात?

३ डिसेंबर २०१३. बोस्टनच्या इमिग्रेशन कोर्टात ६९ वर्षांच्या एका माणसाची सुनावणी होती. नाव ओन्यांगो ओबामा. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या वडिलांचे हे सावत्र भाऊ.

ते १९६३ मध्ये केनियाहून शिकायला अमेरिकेत आले होते. व्हिसाची मुदत संपली, पण ते परतले नाहीत. पुढे देश सोडण्याचा आदेश निघाला. त्याविरुद्धचं अपील १९९२ मध्ये फेटाळलं गेलं, तरी ते तिथेच राहिले, दुकानात नोकरी करत राहिले. २०११ मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याच्या आरोपाखाली पोलिसांनी पकडलं, तेव्हा त्यांची जुनी फाईल उघडली गेली. एवढं सगळं असूनही त्या दिवशी न्यायाधीशांनी त्यांना ग्रीन कार्ड मिळण्याचा मार्ग मोकळा केला.

पुतण्या व्हाइट हाऊसमध्ये होता म्हणून? तर नाही. १ जानेवारी १९७२ च्या आधीपासून जो अमेरिकेत सलग राहतोय, त्याला ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो, अशी एक तरतूद तिथल्या कायद्यात आहे. ओन्यांगो तिच्यात बसत होते. तेच १९७३ मध्ये आले असते, तर ही तरतूद त्यांच्या उपयोगाची नव्हती.

'इतकी वर्षं राहिलं की आपोआप नागरिकत्व मिळतं' हा समज सोशल मीडियावर वारंवार दिसतो. प्रत्यक्षात अमेरिकेत नुसत्या वर्षांना फारशी किंमत नाही. माणूस देशात कसा आला, त्याचं तिथलं जवळचं नातं कुणाशी आहे आणि तो कुठल्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे पडतो, यावर बहुतेक गोष्टी ठरतात.

व्हिसा संपला म्हणजे नेमकं काय संपलं?

इथेच पहिला गोंधळ होतो. व्हिसा ही दारापर्यंत जाण्याची परवानगी. किती दिवस राहायचं, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख 'आय-९४' नावाच्या नोंदीत असते. पुण्या-मुंबईतून नातवंडांना सांभाळायला जाणाऱ्या आजी-आजोबांकडे दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा असतो, पण एका फेरीत राहायला साधारण सहा महिनेच मिळतात. सातव्या महिन्यात ते मुदत ओलांडलेले ठरतात, मग पासपोर्टवरच्या व्हिसाची आणखी आठ वर्षं शिल्लक असली तरी. उलट मुदत ओलांडली की तो व्हिसाही रद्द समजला जातो.

एच-वन-बी वर असलेल्यांची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. लेऑफच्या लाटेत अनेक मराठी घरांनी हे साठ दिवस कॅलेंडरवर मोजले आहेत.

असे किती भारतीय अमेरिकेत असतील? प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये कागदपत्रांविना राहणारे भारतीय सुमारे ७ लाख २५ हजार होते. त्याच वर्षासाठी अमेरिकी सरकारचा अंदाज मात्र २ लाख २० हजारांचा. दोन आकड्यांमधली ही दरीच पुरेशी बोलकी आहे. या आकड्यांत सीमा ओलांडून आलेले आणि विमानाने रीतसर येऊन परत न गेलेले, दोन्ही धरलेले असतात. कायदा मात्र या दोघांकडे एकाच नजरेने पाहत नाही.

आत कसे आलात?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. त्यात महाराष्ट्राचेही तिघे होते. या विमानामुळे 'डंकी रूट' हा शब्द मराठी बातम्यांत घरोघरी पोहोचला. एजंटला लाखो रुपये देऊन, जंगलं तुडवत, सीमेवरून लपून आत शिरायचा हा मार्ग.

लपून आलेल्या माणसाची विमानतळावर तपासणी झालेली नसते. अशा माणसाने पुढे अमेरिकी नागरिकाशी लग्न केलं, तरी त्याला साधारणपणे देशात राहून ग्रीन कार्ड घेता येत नाही. याउलट जो व्हिसा दाखवून, शिक्का मारून आत आला आणि नंतर मुदत ओलांडून राहिला, त्याच्यासाठी हे दार उघडं असतं. दोघंही पंधरा वर्षं तिथेच राहिलेले असोत, दोघंही कर भरत असोत. फरक पडतो तो पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या एका शिक्क्याने.

लग्न, किंवा एकवीस वर्षांचं मूल

अमेरिकी नागरिकाचा नवरा किंवा बायको, आई-वडील आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं यांना कायदा 'सर्वात जवळचे नातेवाईक' मानतो. त्यांच्यासाठी ग्रीन कार्डांची वार्षिक मर्यादा नाही, म्हणून रांगही नाही. रीतसर आत आलेला असेल, तर या नात्यातल्या माणसाचं मुदत ओलांडणं आणि परवानगीशिवाय नोकरी करणं, दोन्ही ग्रीन कार्डच्या आड येत नाही. बहुतेक 'ओव्हरस्टे'वाले पुढे याच वाटेने नागरिक होतात.

पण इथे 'नागरिक' हा शब्द महत्त्वाचा. जोडीदाराकडे फक्त ग्रीन कार्ड असेल, तर ही सवलत मिळत नाही. नोकरीच्या मार्गाने अर्ज करणाऱ्यांना १८० दिवसांपर्यंतची चूक माफ होऊ शकते, त्यापुढची नाही.

अमेरिकेत जन्मलेलं मूल नागरिक असतं, पण त्याला आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो तो वयाच्या २१ व्या वर्षी. मूल पाळण्यात असल्यापासून ते कॉलेजात जाईपर्यंत आई-वडील वाट बघत राहतात, असं त्यामुळे घडतं. (जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये आदेश काढला आणि तो वाद कोर्टात गेला.)

लग्न खरं आहे का, हे अधिकारी कसून तपासतात. एकत्र बँक खातं, घरभाड्याचा करार, फोटो पाहिले जातात. संशय आला तर नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोलीत बसवून तेच प्रश्न विचारले जातात. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर ग्रीन कार्डही दोन वर्षांचं, अटीसह मिळतं. खोटं लग्न केल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय पुढे खरं लग्न केलं, तरी त्या आधारावर ग्रीन कार्डचा अर्ज मंजूर होत नाही.

बाहेर पडलात की दार बंद

या सगळ्या प्रकरणातला सर्वात जिव्हारी लागणारा नियम हा आहे. १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांच्या काळात झालेल्या कायद्याने ठरवलं, की १८० दिवसांहून जास्त पण वर्षाहून कमी काळ बेकायदा राहून जो देश सोडेल, त्याला तीन वर्षं परत येता येणार नाही. एक वर्ष किंवा जास्त राहिला असेल, तर दहा वर्षं.

ही बंदी लागू होते ती देश सोडल्यावर. म्हणजे जो निमूटपणे तिथेच राहतो, त्याच्यावर ती नाही. जो घरी जातो, त्याच्यावर आहे. बेकायदा राहणारे परत जावेत म्हणून केलेल्या कायद्याने त्यांना तिथेच अडकवून ठेवलं, ही टीका अमेरिकेत गेली अनेक वर्षं होते आहे आणि ती चुकीची वाटत नाही.

याची किंमत इकडच्या घरांत दिसते. वडील आयसीयूत असतात आणि मुलगा व्हिडिओ कॉलवर असतो. बहिणीचं लग्न, आईचे दिवस, वाटण्या, सगळं फोनवर. गावात विचारलं की 'सुट्टी मिळत नाहीये' असं सांगितलं जातं. खरं कारण असं असतं, की विमानात बसलं की दहा वर्षं बायको-मुलांपासून ताटातूट.

ग्रीन कार्डचा अर्ज दिल्यावरही लगेच मोकळीक मिळत नाही. निकाल लागण्याआधी 'ॲडव्हान्स पॅरोल' ही विशेष परवानगी न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं साधारणपणे मानलं जातं.

माफी मिळाली होती, पण १९८६ मध्ये

'सरकार अधूनमधून सगळ्यांना माफ करतं' हाही एक पसरलेला समज. अमेरिकेने मोठी माफी दिली ती एकदाच. १९८६ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी सही केलेल्या कायद्यामुळे १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून बेकायदा राहणारे आणि काही शेतमजूर, अशा सुमारे २७ लाख लोकांना कायम वास्तव्याचा हक्क मिळाला.

ओन्यांगो ओबामांना उपयोगी पडलेली तरतूद त्याहून जुनी, १९२९ ची. तिची तारीख काळानुसार पुढे सरकवली जायची. सुरुवातीला १९२१, मग १९२४, १९४०, १९४८ आणि शेवटी १९७२. हा शेवटचा बदलही १९८६ मधलाच. त्यानंतर ती तारीख जागची हललेली नाही. सात वर्षं राहिलेल्या कुणालाही अर्ज करता यावा, अशी विधेयकं २०२२ आणि २०२३ मध्ये मांडली गेली, पण कायदा झाला नाही.

आणखी एक जुनी खिडकी आहे. ३० एप्रिल २००१ पर्यंत ज्यांच्या नावाने नातेवाइकाने किंवा मालकाने अर्ज भरला होता, त्यांच्यापैकी काहींना एक हजार डॉलर दंड भरून आजही देशातच ग्रीन कार्ड घेता येतं. त्यामुळे काकाने किंवा मामाने पंचवीस वर्षांपूर्वी भरलेला एखादा विसरलेला अर्ज वकील आधी शोधायला सांगतात.

बाकीच्या वाटा अरुंद आहेत. दहा वर्षं राहिलेल्याला इमिग्रेशन न्यायाधीशाकडे दाद मागता येते, पण त्याच्या जाण्याने नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदारावर, मुलांवर किंवा आई-वडिलांवर असाधारण संकट येईल हे सिद्ध करावं लागतं. अशी प्रकरणं वर्षाला फक्त चार हजार मंजूर होऊ शकतात. नागरिक जोडीदाराकडून छळ झालेल्यांना स्वतःच अर्ज करता येतो. आश्रयासाठीचा अर्ज साधारणपणे देशात आल्यापासून एका वर्षात करावा लागतो.

एक टिकमार्क, जो पुसता येत नाही

अमेरिकेत नोकरीवर रुजू होताना 'आय-९' नावाचा फॉर्म भरतात. त्यात 'मी अमेरिकी नागरिक आहे' असा चौकोन असतो. काम मिळावं म्हणून अनेक जण त्यावर खूण करतात. परवानगीशिवाय काम करणं नागरिकाच्या जोडीदाराला माफ होतं, पण नागरिक असल्याचा खोटा दावा करणं जवळपास कायमचं नडतं. मतदार म्हणून नाव नोंदवणंही तसंच.

अर्ज करण्यातली जोखीमही आता वाढली आहे. फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानुसार, अर्ज फेटाळला गेला आणि माणसाकडे राहण्याचा दुसरा आधार नसेल, तर त्याला थेट इमिग्रेशन कोर्टात हजर राहण्याची नोटीस निघते. आधीच देश सोडण्याचा आदेश निघालेला असेल, तर गुंता आणखी मोठा. म्हणून अशी फाईल एजंटकडे न देता इमिग्रेशन वकिलाकडे देणं बरं.

ग्रीन कार्डनंतर

ग्रीन कार्ड मिळाल्यावर पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. नागरिक जोडीदारासोबत राहत असल्यास तीन वर्षांनी. त्यातला निम्मा काळ प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेला हवा. इंग्रजीची आणि तिथल्या इतिहास-राज्यव्यवस्थेची परीक्षा असते. आधीच्या मुदत ओलांडण्यामुळे हा अर्ज अडत नाही, पण अधिकारी जुनी फाईल पुन्हा पाहतो. ग्रीन कार्डच्या वेळी काही लपवलं असेल, तर ते इथे बाहेर येऊ शकतं.

इतर देशांत काय?

ब्रिटनमध्ये वर्षांना खरंच किंमत आहे, पण ती भरपूर मोजावी लागते. कायदेशीर असो वा बेकायदा, सलग २० वर्षं राहिल्यावर अडीच वर्षांची परवानगी मागता येते. २०१२ पर्यंत ही अट १४ वर्षांची होती. ती परवानगी वाढवत आणखी दहा वर्षं काढायची, मग कायम वास्तव्य, मग नागरिकत्व. विशीत गेलेला माणूस पन्नाशी ओलांडतो. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने कायम वास्तव्याचे नियम आणखी कडक करण्याचे प्रस्ताव मांडले आहेत.

कोकणातली असंख्य घरं ज्या आखाती नोकऱ्यांवर चालतात, तिथे तर हा प्रश्नच येत नाही. संयुक्त अरब अमिरातीने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मध्ये मुदत ओलांडलेल्यांना सवलत दिली, ती दंड न भरता घरी जाण्याची किंवा नवा व्हिसा घेऊन राहण्याची.

आणि भारतीय पासपोर्ट?

अमेरिकेची शपथ घेतली, की नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपतं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारतीय पासपोर्ट वाणिज्य दूतावासात जमा करून तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यानंतर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. ते मिळालं की कितीही वेळा भारतात येता येतं, मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तोवर गावी यायचं असेल, तर भारताचा व्हिसा काढावा लागतो, आणि त्याच्यावरही मुदत लिहिलेली असते.