शब्दवेध : बातमीची बुद्धी

आजच्या कचेऱ्यांतून ‘बिझनेस इंटेलिजन्स’ हा शब्दप्रयोग उच्चारला की संगणकाच्या पडद्यावरील रंगीत आलेख डोळ्यांपुढे येतात. परंतु रिचर्ड मिलर डेव्हन्स याने १८६५ साली आपल्या व्यापारी आख्यायिकांच्या संग्रहात तो योजला, तेव्हा त्यातील ‘इंटेलिजन्स’ म्हणजे बुद्धी नव्हे, निव्वळ बातमी होती. हॉलंड, फ्लँडर्स, फ्रान्स, जर्मनी येथील लढायांच्या खबरा सर्वांआधी मिळवून, नामूर पडल्याच्या वार्तेवरही नफा साधणारा लंडनचा सराफ हेन्री फर्नीज हा त्या आख्यायिकेचा नायक. दरबारचा अखबारनवीस पेढीवर आणून बसवावा, तसाच हा प्रकार. (नफेखोरीला इतके भारदस्त नाव क्वचितच लाभले असेल.) पुढे १९५८ मध्ये आयबीएमच्या हान्स पीटर लून याने, दस्तऐवजातील शब्दांची वारंवारता मोजून त्याचा गोषवारा यंत्राकरवी काढावा आणि ज्या खात्यास त्याचे प्रयोजन असेल तिकडेच तो रवाना करावा, अशी योजना याच नावाने मांडली, व वस्तुस्थितीतील परस्परसंबंध जाणून कृतीला दिशा देणारी आकलनशक्ती हा अर्थ त्यात घातला. १९८९ मध्ये हॉवर्ड ड्रेसनरने निर्णयसाहाय्याच्या तमाम संगणकीय पद्धतींना ते नाव सरसकट लावले, आणि बाजाराने ते विनातक्रार उचलले.